बासरीला पाचपैकी सव्वाचार

कुठल्याही ऑफिसात मी पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला. "बेन, साहेब क्यारे आवशे?" ताई, साहेब कधी येणार? मी पिशवीतून लॅपटॉप काढते, चष्मा पुसते आणि सांगते, साहेब आलेत, बसलेत आणि त्यांना आधी पाणी पाहिजे. समोरचा माणूस हसतो. मग दाराकडे बघतो. मग पुन्हा चाचरत विचारतो, "पण... साहेब?" सुरतेतली माझी सगळी नोकरी या प्रश्नात गेली. आता केस पांढरे झाल्यावर लोक माझ्याकडे साहेबांची आई आल्यासारखं बघतात, एवढीच काय ती बढती.

मी फोनवरच्या आवाजाची दुरुस्ती करते. फोनची नाही, आवाजाची. हे घरी समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. आमचं घर सुरतेतल्या गोडादऱ्यातलं. वडील खानदेशातून मागावर काम करायला आले आणि मागांच्या खडखडाटात निम्मे बहिरे होऊन घरी बसले. आई अहिराणीत विचारायची, "लोकेस्नं बोलनं ऐकाना पगार भेटस का तुले?" मी म्हणायची, बोलणं नाही गं, बोलण्याची तब्येत बघते. दुसऱ्या दिवशी आईने शेजारणीला सांगितलं की पोरगी डॉक्टर झाली, पण फक्त फोनची. मी ते तसंच राहू दिलं. आजवर माझ्या कामाची याहून बरी व्याख्या मला कोणी करून दाखवलेली नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर्वी तुमचा आवाज तारेतून सरळ जायचा. आता ऑफिसांत तसं राहिलेलं नाही. तुम्ही 'हॅलो' म्हणालात की यंत्र त्या हॅलोचे बारीक तुकडे करतं, एकेक तुकडा पाकिटात घालतं, वर पत्ता टाकतं आणि रस्त्यावर सोडून देतं. त्याच रस्त्यावरून ईमेल, बिलं, एक्स-रेची चित्रं, कॅमेऱ्यांचं चित्रीकरण असं सगळं चाललेलं असतं. आमच्या रिंगरोडवर कापड मार्केटच्या बाहेर जसे टेम्पो, हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल आणि त्यांच्यात अडकलेली एखादी रुग्णवाहिका, अगदी तसं. ईमेल थोडं उशिरा पोचलं तर कोणाचं काही अडत नाही. बोलण्याचा तुकडा उशिरा आला तर पलीकडचं यंत्र त्याला फेकून देतं आणि पुढे जातं. ऐकणाऱ्याला तिथे खड्डा लागतो.

हे खड्डे मोजायला सेन्सर असतो. जेवणाच्या डब्याएवढी एक डबी. ती स्विचला जोडायची. स्विच म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो नाका. त्या नाक्याला सांगून ठेवायचं की अमुक दारातून जे काही जाईल त्याची एक नक्कल या डबीला देत जा. डबी ती नक्कल तपासते, किती पाकिटं हरवली, किती रेंगाळली ते बघते आणि आवाजाला पाचपैकी मार्क देते. चारच्या वर असेल तर उत्तम. तीनच्या खाली गेलं की माणसं एकमेकांवर ओरडायला लागतात. पाचपैकी पाच ती कधीच देत नाही. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनीच ती बनवली असावी.

डबी हुशार असते, पण स्वतःचे डोळे तिला नसतात. नाका जे दाखवेल तेच तिचं जग. तिला चुकीच्या दारापुढे बसवलं तर ती तिथेही मान खाली घालून मार्क देत राहते. तक्रार करत नाही, विचारत नाही. अशा नोकरांना आपल्याकडे फार मान आहे. माझ्या पोटापाण्याची सोय याच मानामुळे झाली.

गिऱ्हाईकंही एकेक नमुनेदार. साड्यांच्या एका व्यापाऱ्याने डबी बसवून झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, यातून कुठला सेल्समन खोटं बोलतो ते कळेल का? मी म्हटलं, आवाज कसा आहे ते कळेल, माणूस कसा आहे ते नाही. त्याचा इतका विरस झाला की त्याने चहा मागवला होता तो रद्द केला. दुसऱ्या एका ऑफिसात दसऱ्याला डबीची पूजा झाली. कुंकू लावलं, हार घातला. हार नीट बसेना म्हणून मागची केबल काढून ठेवली. पुढे दिवाळीपर्यंत डबी नुसतीच देवपण भोगत होती आणि मालक मला सांगत होते की पूजा केल्यापासून एकही तक्रार नाही.

पण लिहायचं आहे ते विमलताईंबद्दल.

एका खाजगी हॉस्पिटलातून बोलावणं आलं. नाव सांगत नाही. सुरतेत आहे, मोठं आहे आणि लॉबीत कृत्रिम धबधबा आहे, एवढं पुरे. तिथल्या कारभाराचे प्रमुख पारेख साहेब. गोड बोलणारे, इस्त्रीचे आणि कुठलीही गोष्ट आधी ठरवून मग तिची चौकशी करणारे. त्यांनी मला दुरुस्तीला बोलावलंच नव्हतं. त्यांना दाखला हवा होता.

"रेखाबेन, आपले सेन्सर उत्तम चालतात," त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे हात केला. पडदा हिरवागार होता. सव्वाचार, सव्वाचार, सव्वाचार. "तुम्ही फक्त लिहून द्या की फोनच्या आवाजात काहीच दोष नाही. मग मला पुढचं करायला मोकळीक."

"पुढचं काय करायचंय?"

पुढचं म्हणजे विमलताईंना फोनवरून उठवायचं होतं. विमलताई म्हणजे हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटर. पुष्कळ वर्षं त्याच खुर्चीवर. रुग्णवाहिकेसाठी बाहेरून येणारा फोन पहिल्यांदा त्यांच्याकडे यायचा. काही दिवसांपूर्वी सकाळी कामरेजहून एक फोन आला होता. एका छोट्या कारखान्यात कामगाराच्या छातीत दुखायला लागलं, त्याच्या जोडीदाराने फोन केला. विमलताईंनी पत्ता ऐकला, गाडी पाठवली. गाडी हायवेवरच्या कामरेज चार रस्त्याला जाऊन थांबली. रुग्ण आत गावात, शाळेच्या मागे. शेवटी कारखान्यातल्या लोकांनी त्याला मालाच्या टेम्पोत घालून आणलं. माणूस वाचला. वाचला नसता तर ही हकिकत असल्या सुरात लिहायची माझी छाती झाली नसती.

पारेख साहेबांनी मला त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. घाबरलेला माणूस, हिंदीतून, पण शब्द न् शब्द स्वच्छ. "कामरेज चार रस्ता पे नहीं, गाँव में, स्कूल के पीछे." विमलताईंनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. तरी त्या म्हणाल्या, "चार रस्ता, ठीक है."

"सांभळ्युं?" पारेख साहेब म्हणाले. ऐकलंत? "रेकॉर्डिंग साफ. सेन्सर हिरवा. मग उरलं काय? कान. वय झालं त्यांचं. आम्ही माणुसकीने घेतोय, काढत नाही आहोत. चादरी-कपड्यांच्या स्टोअरमध्ये बसवतोय."

माणुसकी इतकी होती की सकाळच्या मीटिंगमध्ये नर्सपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं होतं, विमलबेनला ऐकू येत नाही, सगळ्यांनी सांभाळून घ्या. विमलताईंची कानाची तपासणीही त्याच हॉस्पिटलात झाली होती. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने चांगले आहेत. यातलं 'वयाच्या मानाने' एवढं साहेबांनी उचललं आणि 'चांगले आहेत' तिथेच ठेवून आले.

दाखला देण्यात मला अडचण काहीच नव्हती. पडदा हिरवा, रेकॉर्डिंग साफ, चहा आलेला. पण दाखल्याला जोडायला म्हणून मी सेन्सरचा आलेख उघडला आणि माझा हात थांबला. आलेख सपाट होता. सकाळ नाही, दुपार नाही, कुठे खाली-वर नाही. अहो, माणसाच्या बोलण्याला एवढी सपाटी येते कुठून? आणखी खाली गेले तर एकच फोन सकाळी ओपीडी उघडल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत चालू, रोज. सुरतेत एवढं लांब बोलणं साडीच्या भावतावातसुद्धा होत नाही.

"साहेब, मी जरा स्विच बघून येते."

"कशाला? सगळं बरोबर तर आहे!"

"बरोबर आहे ते बघून येते," म्हटलं आणि निघाले.

स्विचची खोली नव्या इमारतीच्या तळघरात होती. डबीला जी नक्कल मिळत होती ती मी लॅपटॉपवर घेतली, कानाला हेडफोन लावला आणि ऐकलं. बासरी. लॉबीत धबधब्याशेजारच्या स्पीकरमधून दिवसभर वाजणारी मंद बासरी, मधूनमधून 'कृपया शांतता राखा'. झालं होतं ते असं. हॉस्पिटलचं नूतनीकरण झालं तेव्हा स्विच बदलला आणि केबली नव्याने लावल्या. ज्या दारात आधी टेलिफोनचं यंत्र जोडलेलं होतं तिथे आता लॉबीचा स्पीकर आला. डबीला मात्र कोणी कळवलं नाही. ती जुन्या हुकमाप्रमाणे त्याच दारापुढे बसून राहिली आणि महिनोन् महिने बासरीला पाचपैकी सव्वाचार देत राहिली. योग्यच होतं. बासरी चांगली होती.

मी डबीला टेलिफोनच्या दारापुढे आणून बसवलं. आता गंमत अशी की तिथेही मार्क चांगलेच यायला लागले. बाहेरून येणारा आवाज इथपर्यंत खरोखरच नीट येत होता. क्षणभर मलाही वाटलं, पारेख साहेबांचं खरं आहे की काय. रेकॉर्डिंगही याच खोलीत होत होतं, म्हणून ते इतकं स्वच्छ. पण विमलताई या खोलीत बसत नव्हत्या. त्या रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत बसत होत्या. आवाज इथे आला म्हणजे तिथे पोचला हे कोणी पाहिलं होतं? कुरियरवाल्याने सुरतेहून माल उचलल्याची पावती दाखवायची आणि बारडोलीच्या माणसाला म्हणायचं, मिळाला कसा नाही, तुझेच डोळे गेलेत. तसला हा प्रकार.

मी जुन्या इमारतीत गेले. टेलिफोनची खोली जिन्याखाली. विमलताई ताठ बसल्या होत्या. अंगावर इस्त्रीची सुती साडी, कानाला हेडसेट. मी मराठीत बोलले तसा चेहरा थोडा सैल झाला. त्यांचं माहेर अकोल्याकडचं, नवरा रेल्वेत होता म्हणून सुरतेला आलेल्या. गुजराती हिंदी दोन्ही अस्खलित, पण मराठी माणूस भेटलं की बोलणं थेट वऱ्हाडात.

"तुम्ही मशीनवाल्या ना? लिहून देऊन टाका बाई. मले काही म्हणायचं नाही."

"मी अजून काही लिहिलं नाही. तुम्हाला काय ऐकू येतं ते सांगा ना."

त्यांनी हेडसेट काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "त्या मानसानं 'नहीं' म्हटलं होतं. रेकॉर्डिंगमंदी मी सोता ऐकलं. मी ऐकलं अन् माह्या पायाखालची जमीन गेली. कारन मले तो शब्द आलाच नव्हता हो, त्याच्या पुढचं गाव-शाळाही नाही. दोनदा इचारलं, दोनदा नाही आला. मी हे कोनाले सांगू? रेकॉर्डिंग खोटं म्हनू?"

मग हळूहळू बाकीचं निघालं. त्या दिवसापासून घरी त्या टीव्ही मोठा करून बघत होत्या. मुलगी म्हणाली, आई, तुला आधी तर एवढा लागत नव्हता. रविवारी विहारात वंदना म्हणायला त्या नेहमी पुढे उभ्या राहायच्या, आता मागच्या ओळीत जाऊन बसत होत्या, न जाणो एखादी ओळ ऐकू आली नाही तर. आवाजावरून माणूस ओळखणारी ही बाई. कुठल्या डॉक्टरचं आज घरी भांडण झालंय ते 'हॅलो'वरून सांगणारी. ती स्वतःचे कान स्वतःच चोरासारखे तपासत होती. भाजीवाला बोलला की मनातल्या मनात, आलं का सगळं?

बहिरेपण मी घरात पाहिलेलं आहे. माझे वडील आई बोलली तरी ऐकायचे नाहीत आणि शेजारचा बोलला तरी ऐकायचे नाहीत. यात आईला वाटायचा तेवढा पक्षपात नव्हता. म्हणून मी विचारलं, "हॉस्पिटलच्या आतले फोन कसे येतात?"

"नव्या बिल्डिंगमधले बाहेरच्यासारखेच. या बिल्डिंगमधले मात्र एकदम साफ."

"आणि बाहेरचे? दिवसभर वाईट?"

"नाही ना. सकाळी ओपीडी चालू असली का तुटतात. दुपारी पेशंट गेले का बरे येतात."

मी म्हटलं, "विमलताई, ओपीडीच्या वेळेत येऊन दुपारी घरी जाणारं बहिरेपण मी तरी ऐकलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची हरवलेली वस्तू हातात धरून उभी आहे, पण ती त्यांचीच आहे असं त्यांना म्हणवत नाही.

त्याच खोलीबाहेर दुसरा सेन्सर बसवलेला होता. याला सगळं नीट ऐकू येत होतं, पण त्याचा निरोप मुख्य पडद्यापर्यंत पोचतच नव्हता. प्रत्येक यंत्राला सांगावं लागतं की गल्लीच्या बाहेर पडायचं असेल तर कुठल्या दाराने जा. याला ते दारच चुकीचं लिहून दिलेलं. बिचारा बोंबलत होता तो भिंतीपाशी. आणि पारेख साहेबांचा पडदा असा बनवलेला, की जो सेन्सर काही बोलत नाही त्याला हिशेबात धरायचाच नाही. एक सेन्सर बासरी ऐकतोय, दुसरा मुका, आणि दोघांची सरासरी सव्वाचार. कितीतरी संस्था याच पद्धतीवर उत्तम चालतात.

मी त्याला बरोबर दार लिहून दिलं. ओपीडीची वेळ होती. पाच मिनिटांत साहेबांच्या केबिनमधला निम्मा पडदा लालभडक झाला. दोन. पावणेदोन. दोन. आणि दहाव्या मिनिटाला जिन्यावर पारेख साहेबांचे बूट वाजले.

"रेखाबेन, तुम्ही काय बिघडवलंत?"

"काही नाही. आत्ता ते चालायला लागलं."

"पुढच्या आठवड्यात तपासणीची कमिटी येते! लाल पडदा दाखवू त्यांना? जेम हतुं तेम करी नाखो." म्हणजे, जसं होतं तसं करून टाका. असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं आहे, पण इतक्या कळकळीने कोणी नाही.

मी म्हटलं, "करते. फक्त त्याआधी तुम्ही या खुर्चीत बसून एक फोन घ्या. मग तुम्ही सांगाल तसं."

साहेबांना वाटलं, एवढ्यावर सुटतंय. विमलताई उठल्या, हेडसेट पुसून साहेबांच्या हातात दिला. मी बाहेर गेटवर गेले आणि माझ्या मोबाईलवरून हॉस्पिटलचा नंबर लावला. सावकाश, शाळेत कविता म्हणतात तसं म्हटलं, "रुग्ण पंपाच्या उजव्या बाजूला नाही, डाव्या बाजूला आहे, निळ्या गेटच्या आत."

"कई बाजू?" साहेब ओरडले. कुठली बाजू?

मी पुन्हा सांगितलं.

"हॅलो! कई बाजू, बेन? डाबी के जमणी?" डावी की उजवी, एवढंच त्यांना हवं होतं. मी तिसऱ्यांदा सांगितलं. ते एवढ्या जोरात ओरडले की मला मोबाईल बंद करूनही गेटवर ऐकू आलं.

मी आत आले तेव्हा साहेब घाम पुसत होते. म्हणाले, "तुमच्या मोबाईलला रेंज नाही."

"असेल. आपण रेकॉर्डिंग ऐकू या."

त्यांनीच माणसाला सांगून रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज, शब्द न् शब्द स्वच्छ. उजव्या बाजूला नाही, डाव्या बाजूला. आणि मध्येमध्ये साहेबांचं ओरडणं. तिन्ही वेळा. साहेबांनी रुमाल पुन्हा बाहेर काढला. विमलताई तर साहेबांकडे बघतही नव्हत्या. रेकॉर्डिंग ज्यातून वाजत होतं त्या स्पीकरकडे त्या बघत होत्या. दोन्ही हात कानांवर ठेवून, दाबून नव्हे, नुसते टेकवून. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"मंग मले ऐकू येते," त्या हळूच म्हणाल्या. मला उद्देशून नाही, कोणालाच नाही.

साहेबांनी घसा साफ केला. "तो... रिपेर करी नाखो."

दुरुस्तीत नवल काही नव्हतं. नव्या इमारतीत हौसेने ढीगभर नवे कॅमेरे बसवले होते आणि त्यांचं चित्रीकरण साठवायचं यंत्र ठेवलं होतं जुन्या इमारतीत. सकाळी त्यात एक्स-रेची चित्रं भर घालायची. दोन इमारतींमध्ये रस्ता एकच. सगळी गर्दी एकाच दिशेने, विमलताईंकडे जाणारी. म्हणून त्यांचं बोलणं बाहेरच्याला नीट ऐकू जायचं आणि बाहेरच्याचं त्यांच्यापर्यंत येताना वाटेत सांडायचं. आवाजाच्या पाकिटांवर एक खूण असते, 'मला आधी जाऊ द्या'. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी. जुना स्विच ती मानायचा. नव्या स्विचला भोंगा ओळखायला कोणी शिकवलंच नव्हतं. तो ती खूण पुसून पाकिटाला कॅमेऱ्यांच्या रांगेत उभं करायचा. रांगेत शिस्त होती हो, फक्त माणूस मरायला टेकला होता.

मी भोंगा शिकवला, कॅमेऱ्यांना वेगळी वाट करून दिली. दुसऱ्या दिवशी भर ओपीडीत जुन्या इमारतीचे मार्क चारच्या वर गेले. पडदा पुन्हा हिरवा झाला, साहेबांचा चेहराही. कमिटी आली, पडदा बघून खूश झाली. पुढे कळलं की साहेबांनी त्यांना सांगितलं, आम्ही स्वतः खुर्चीत बसून फोन तपासतो. हे अगदी खरं होतं. अशी माणसं खोटं कधी बोलत नाहीत, तेवढी गरजच पडत नाही त्यांना.

एका गोष्टीची रुखरुख मात्र आहे. तो कामरेजचा कामगार वाचला, पण ते महिने काही रिकामे गेलेले नसणार. सकाळच्या गर्दीत किती जणांचे पत्ते वाटेत सांडले, कोण फोन ठेवून रिक्षा शोधायला धावलं, ते मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही. मोजणारा सेन्सर तेव्हा बासरी ऐकत होता.

सगळं नीट झाल्यावर साहेबांनी विमलताईंना केबिनमध्ये बोलावलं. मी बिल घेऊन तिथेच बसले होते. साहेब उदार स्वरात म्हणाले, "विमलबेन, जा, तुमची खुर्ची तुम्हाला परत."

विमलताई हिंदीत म्हणाल्या, "कुर्सी तो मेरी ही थी, साहेब. आपने मीटिंग में सबके सामने बोला था कि विमल को सुनाई नहीं देता. अब सबके सामने बोलिए कि देता है."

"अरे, सगळ्यांना कळलंच आहे..."

"आप बोलिए. तब तक मैं स्टोअर में चादर गिनती हूँ."

आणि खरंच गेल्या. दोन दिवस रुग्णवाहिकेचे फोन एका नवख्या मुलीने घेतले. तिला रस्तेच माहीत नव्हते. लिंबायत आणि उधना एकच समजायची. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरांनी साहेबांना गाठलं आणि सांगितलं, विमलबेनला आणा नाहीतर गाड्यांच्या चाव्या घ्या.

मग सकाळची मीटिंग भरली. यंत्रात काय दोष होता ते सांगायला मलाही बोलावलं होतं. नर्सा, वॉर्डबॉय, ड्रायव्हर, सगळे उभे. विमलताई पुढे, हात जोडल्यासारखे एकमेकांत गुंतवलेले. साहेबांनी आधी हवेतल्या उकाड्याबद्दल सांगितलं, मग कमिटीबद्दल, मग स्वच्छतेबद्दल. आणि शेवटी टेबलावरच्या पेनाकडे बघत, ओठांतल्या ओठांत पुटपुटले की विमलबेनचे कान बरोबर आहेत, चूक मशीनची होती, आमचीही होती.

विमलताई एक पाऊल पुढे आल्या. अगदी नम्रपणे, सगळ्या हॉलला पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

"साहेब, ज़रा ज़ोर से. सुनाई नहीं दिया."